मंगळवार कुणाचा?

परदेशातून परतलेल्या माणसाची साताऱ्यात चौकशी होते ती दोन दिवस. पहिल्या दिवशी ‘कधी आलात?’, दुसऱ्या दिवशी ‘थंडी लई असंल की तिकडं?’ तिसऱ्या दिवशी मोती चौकात तीच माणसं भेटतात आणि सरळ नळाला पाणी किती वाजता येतंय यावर येतात. आपल्या पोटात मात्र सांगण्यासारखं अजून बरंच शिल्लक असतं. तिकडची ट्राम, तिकडचा पाव, नोव्हेंबरात संध्याकाळी साडेचारलाच पडणारा अंधार. ते सगळं तसंच गिळून आपण पाण्याच्या वेळेवर बोलू लागतो, तर पाण्याची वेळ मधल्या काळात बदललेली असते. तिकडचं कुणाला नको आणि इकडचं आपल्याला ठाऊक नाही, अशा अवस्थेत माणूस काही दिवस काढतो. पाहुणा नाही, गावकरीही नाही.

आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणासाठी स्टुटगार्टला गेलो होतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यामुळे मुक्काम किती करायचा यावर घरात वादच झाला नाही. सप्टेंबरात गेलो, डिसेंबरात आलो. मधल्यामध्ये नवरात्र गेलं, दिवाळी गेली. जाताना अजिंक्यतारा नखशिखान्त हिरवा होता, माथ्यावरचा टीव्हीचा टॉवर धुक्यात अर्धा बुडालेला. परतताना लिंब खिंड ओलांडली आणि तोच डोंगर समोर आला तेव्हा तो मला उघडाबोडका वाटला. गवत वाळून पिवळं पडलेलं, मधूनमधून कातळ वर आलेला. तीन महिने बीच आणि ओकच्या रानात बाबागाडी ढकलून डोळ्यांना वाईट खोड लागली होती. डोंगर म्हणजे झाडी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पिवळ्या गवतातही शंभर रंग असतात हे त्यांना पुन्हा शिकवावं लागलं, आणि ते काही आठवड्याभरात शिकले नाहीत.

शरीरही हट्टालाच पेटलं होतं. इथले पहाटेचे पाच म्हणजे तिकडचे रात्रीचे साडेबारा. गजर वाजला की शरीर म्हणे, आत्ताच तर निजलो. हे कूस बदलून पुन्हा घोरू लागत. मी मात्र उठत होते, कारण आमच्या बायकांचा घोळका सव्वापाचला निघतो आणि कुणासाठी थांबत नाही. किल्ल्यावर जायला साताऱ्यात कारण लागत नाही. मधुमेहवाले जातात, भरतीची पोरं पळत जातात, नुकतंच लग्न झालेली जोडपी रमतगमत जातात. कुणी चार भिंतींपर्यंत जाऊन १८५७च्या हुतात्म्यांच्या स्मारकापाशी हात-पाय हलवून परत फिरतं, कुणी थेट दरवाजा गाठतं. आम्ही दरवाजावाल्या. आमचं ब्रीद एकच: चढताना बोलायचं, उतरताना भांडायचं.

परतल्यावरच्या पहिल्या सकाळी मला बोलताही येईना, भांडण तर लांबच. स्टुटगार्ट अडीचशे मीटरवर पसरलेलं शहर. आपला किल्ला हजार मीटरच्या आसपास. तिथं मी रोज चालत होते, पावलांचं यंत्र रोज रात्री शाबासकी देत होतं. पण ते चालणं सपाट होतं, चाकांच्या मागचं होतं. इथल्या दुसऱ्या वळणावरच छाती भरून आली. पोस्टातल्या मावशी, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या, आमच्यात वयानं सगळ्यात थोर, माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाल्या, “बाई, चीज लई खाल्लंसा.” सगळ्या हसल्या. मी शाळेतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण गावात अजून ‘बाई’च आहे.

आता स्टुटगार्टबद्दल थोडं सांगतेच, इथं तरी कुणी नळाचा विषय काढणार नाही.

त्या शहरात एक टेकडी आहे, बिर्केनकोप्फ. उंची ५११ मीटर. लेकीच्या घरापासून बसनं गेलं की पायथा, आणि तिथून डोंगराला वळसे घालत वर जाणारा रुंद, सोपा रस्ता. वर काय आहे हे जावयानं मुद्दाम सांगितलं नव्हतं. माथ्यावर पोचले आणि समोर दगडांचे ढीग. माझ्या डोळ्यांना ते आधी किल्ल्याचे वाटले. जवळ गेले तर घडीव दगड: कुठल्याशा इमारतीच्या कमानीचा तुकडा, खांबाचं टोक, नक्षीची पट्टी, खिडकीची चौकट. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावात हे शहर पडलं. १९५३ ते १९५७ या काळात पडलेल्या घरांचा राडारोडा, पंधरा लाख घनमीटर, या टेकडीवर आणून टाकला आणि टेकडी चाळीसेक मीटरनं उंच झाली. म्हणजे शेवटचे चाळीस मीटर आपण लोकांच्या दिवाणखान्यांवरून आणि स्वयंपाकघरांवरून चढतो. वर एक क्रूस उभा आहे. त्याच्या बाजूला पोरं दगडांवर बसून सँडविच खात होती, एक आजोबा कुत्र्याला पाणी पाजत होते, खाली अख्खं शहर नीट बांधलेलं दिसत होतं. मी त्या नक्षीच्या पट्टीवर हात ठेवून बसले. दगड ऊबदार होता, ऊन पडलं होतं म्हणून. इतिहास शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा धडा कुणी द्यावा? किल्ले आपण जिंकलेल्या-हरलेल्या राजांच्या नावानं ओळखतो. हा डोंगर निव्वळ घरांचा आहे.

तिथल्या रानात दुसरी एक गोष्ट बघितली. झाडांच्या बुंध्यांवर लाल, निळ्या रंगाच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या बघत चालत गेलं की माणूस चुकत नाही. या पट्ट्या सरकार रंगवत असेल असं मला वाटलं होतं. पण ते काम करते ‘श्वेबिशर आल्बफेराइन’ नावाची हायकर लोकांची संस्था, १८८८ मध्ये जवळच्याच प्लोखिंगेन गावात स्थापन झालेली. तिचे सभासद सुट्टीच्या दिवशी डबा, ब्रश, कात्री घेऊन निघतात आणि आपापल्या वाटेचा तुकडा सांभाळतात. वाटेवर आलेल्या फांद्या छाटतात, पुसट झालेली पट्टी पुन्हा रंगवतात. आणि रानात कुणीही फिरावं, मालकी कुणाचीही असो, हा हक्क त्यांच्या १९७५च्या वनकायद्यातच लिहिलेला आहे. शहरात ट्राममध्ये शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे बघत नाही. तोच माणूस रानात समोरून आला की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून मान लववतो. मीही म्हणू लागले. बाबागाडीतलं बाळ झोपलेलं असलं तर पुटपुटायचे.

लेकीच्या इमारतीत जिन्याच्या दारावर एक पाटी लटकते. ज्या घरावर ती लटकेल त्यांनी त्या आठवड्यात जिना, पायरी, दारापुढची फरशी झाडायची-पुसायची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. याला ते ‘केअरवोखे’ म्हणतात आणि त्या भागात या गोष्टीचा मोठा दरारा आहे. ओली बाळंतीण म्हणून लेकीला सूट मिळेल असं मला वाटलं होतं. पाटी ठरल्या दिवशी आमच्या दारावर होती. मी कंबर बांधून जिना पुसला. वरच्या मजल्यावरच्या आजी उतरल्या, पायऱ्यांचे कोपरे बघितले, काही न बोलता खाली गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून सफरचंदाचा केक आला. कोपऱ्यांना मिळालेलं ते प्रशस्तिपत्रक होतं असं लेक म्हणाली.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी अजिंक्यताऱ्याच्या दरवाजाशी पोचले, घामाघूम. दरवाजाच्या आत उजव्या हाताला एक सपाट दगड आहे. टेकायचं म्हटलं की तो माझा, हे ठरून गेलेलं होतं, कुणी ठरवलं नव्हतं. त्यावर बँकेतल्या वहिनी बसल्या होत्या. त्यांनी जरा सरकल्यासारखं केलं, पण तो दगड एकाच माणसाचा आहे. मी उभीच राहिले. मग मंगळाईच्या देवळात गेलो आणि तिथं माझा खरा निकाल लागला.

देवीच्या समईतल्या तेलाचे वार आम्ही वाटून घेतलेले आहेत. ज्या बाईचा वार, तिनं तेलाची बाटली वर न्यायची, वात करायची, समई पुसायची. मंगळवार माझा. देवीचा वार असल्यानं त्याला जरा मान आहे, आणि तो मला कसा मिळाला याची एक जुनी भानगड आहे, ती इथं सांगत नाही. जाताना मी मावशींना म्हटलं होतं, माझ्या मागं तेवढं बघा. त्यांनी बघितलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक पोरगी आमच्यात नव्यानं येऊ लागली होती, खोलीत राहणारी, गाव लांबचं. मंगळवार तिला दिला. त्या दिवशीही मंगळवारच होता. मी बघते तर समई झळझळत होती. पुसत मीही होते, ओल्या फडक्यानं; तिनं चिंच लावून घासली होती. खाचेतलं काळं, जे मला वाटायचं पितळेचंच आहे, ते निघून आत वेलीची नक्षी दिसत होती. इतकी वर्षं मी त्या समईत तेल घातलं, तिच्यावर वेल आहे हे मला माहीत नव्हतं.

“छान घासलीस,” मी म्हटलं.

“काकू, आता तुम्ही आलात, मंगळवार तुम्ही घ्या,” ती म्हणाली. चांगल्या घरची पोर.

“असं कसं?” मावशी मधेच. “वार काय टोपी हाय व्हय, काढली नि दिली?”

विषय संपला. मी गाभाऱ्याबाहेर येऊन तटावरून खाली बघत बसले. पूर्वेला माहुलीकडे कृष्णेवर धुक्याची पट्टी, पलीकडं जरंडा, उत्तरेला चंदन-वंदनची जोडी, पश्चिमेला यवतेश्वराचा पठारी माथा, आणि मागं वळलं तर सज्जनगड. सगळे आपापल्या जागी होते. आमच्यातल्या गोडोलीच्या आजी मात्र नव्हत्या. त्या कार्तिकात गेल्या, हे मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. परदेशात कशाला उगीच, म्हणून. त्यांची काठी देवळाच्या कोपऱ्यात ठेवलेली होती आणि आता ती ज्याला गुडघा दुखेल त्याची झाली होती. दोघी जणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, हे विचारायचीही सोय नव्हती, कारण ते भांडण माझ्या गैरहजेरीतलं होतं आणि त्यात मी कुणाची बाजू घेतली नव्हती. ज्यानं बाजू घेतली नाही त्याला आमच्यात फारसं कुणी मोजत नाही.

जन्मभर इतिहास शिकवल्यानं मला अशा वेळी माणसं आठवतात ती तीनशे वर्षांपूर्वीची. परत आलेला सगळ्यात मोठा सातारकर म्हणजे थोरले शाहू महाराज. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा ते सात वर्षांचे होते. वाढले ते औरंगजेबाच्या छावणीत. १७०० मध्ये बादशहानं हाच किल्ला वेढा घालून घेतला होता. सुरुंगानं बुरूज उडाला तो वेढा घालणाऱ्यांच्याच अंगावर पडला, प्रयागजी प्रभूंनी महिनोन्‌महिने झुंजवला, तरी शेवटी गेला. त्याला नाव पडलं आझमतारा, शहजादा आझमच्या नावावरून. पुढं ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला. आणि १७०७ मध्ये बादशहा वारल्यावर शाहूंची सुटका केली ती याच आझमनं. इतिहास कधीकधी फार कंजूषपणानं पात्रं वापरतो.

शाहू परतले तेव्हा जागा रिकामी नव्हती. राजाराम महाराजांनंतर सात वर्षं ताराबाईंनी मोगलांना नाकीनऊ आणून राज्य तगवलं होतं, गादीवर त्यांचा मुलगा होता. आलेला हा तरुण खरा शाहू नव्हेच, तोतया आहे, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. खेडला लढाई झाली, धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला. मग त्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी हे शहर वसवलं. वर्गात मी हा धडा नेहमी शाहूंच्या बाजूनं शिकवत आले. पुस्तकाची चालही तशीच असते: वारस परत येतो, न्याय होतो, पुढच्या पानावर पेशवे. त्या मंगळवारी तटावर बसल्या बसल्या मला प्रथमच ताराबाईंची बाजू दिसली. जो राहिला, ज्यानं रोज तेल घातलं, त्यानं आलेल्याला हसून जागा का द्यावी? माझी मंगळवारची ताराबाई तर समोर बसून राज्यघटनेची कलमं पाठ करत होती, आणि समई तिनं माझ्यापेक्षा चांगली ठेवली होती. मला खेडची लढाई काढायची नव्हती. जमलीही नसती, धनाजी म्हणजे मावशी, आणि त्या तिकडं होत्या.

(शाहू महाराजांचं एक मला फार आवडतं. शिकारीत वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी त्यांनी संगम माहुलीला बांधली. राजांच्या नि राण्यांच्या समाध्यांत कुत्र्याचीही. परतल्यावर मला बघून मनापासून उड्या मारल्या त्या किल्ल्याच्या वळणावरच्या तांबड्या कुत्रीनं. बिस्किटं मिळत होती म्हणून असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही.)

संक्रांतीपर्यंत मी अशीच घोळक्याच्या शेवटी चालत राहिले. मग मला उत्साहाचा झटका आला. परदेशाहून आलेल्यांना तो येतोच. मी त्याची लक्षणं दुसऱ्यांत पूर्वी बघितली होती. तिळगूळ वाटून झाल्यावर दरवाजापाशी मी सगळ्यांना त्या लाल-निळ्या पट्ट्यांची हकिगत सांगितली. आपणही करूया, म्हटलं. यवतेश्वराकडे, पेढ्याच्या भैरोबाकडे जाणाऱ्या वाटा, पावसाळ्यात बाहेरची पोरं चुकतात, आपण आपल्या वाटांना खुणा करू. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. तिळगूळ तोंडात होता म्हणून असेल.

मावशींनी हात झटकले. “बाई, तिकडं झाडाला रंग लावत्यात ते वाट सापडावी म्हणून. हितं रंग कशाला लावत्यात ते वर बगा.”

वर बघितलं. बुरुजाच्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बदाम, त्यात दोन नावं, खाली तारीख. शेजारी आणखी एक बदाम, त्यातलं एक नाव खरवडलेलं. साडेआठशे वर्षांपूर्वी शिलाहार भोज राजाच्या काळात ज्या डोंगरावर पहिली तटबंदी उभी राहिली असं मानतात, त्याला आता रंगाचा आणखी एक डबा दाखवायची खरंच गरज नव्हती. माझी कल्पना तिथंच बारगळली, आणि बरंच झालं. खुणा तिकडं चालतात कारण त्या सांभाळायला दर सुट्टीला कुणीतरी ब्रश घेऊन निघतं. रंग कुणीही आणील, ते पुढचं कोण करणार?

पण पोस्टातल्या मावशींना कुठलीही गोष्ट अर्धी सोडायची सवय नाही. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, “ती तिकडची माणसं, फांद्या तोडत्यात म्हणालासा, त्यांना पगार न्हाई?”

“नाही.”

“मग कोण सांगतं त्यांना, आज तू हितं, उद्या तू तितं?”

“आपसांत ठरवतात.”

“हां.” एवढंच म्हणाल्या.

माघ उतरला की आमच्याकडे वणव्याचे दिवस सुरू होतात. उन्हानं गवत इतकं वाळतं की त्यातून चालताना आवाज येतो. कुणी विडीचं थोटूक टाकतं, कुणी पोरं मजा म्हणून काडी ओढतात, आणि काही जण अजून मानतात की डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमानं येतं. येतं ते कुसळाचंच. रात्री घराच्या गच्चीवरून डोंगरावर आगीची माळ सरकताना दिसते. लांबून दिवाळीसारखी, जवळ गेलं की टिटवीची अंडी, चंडोलाची घरटी, पावसाळ्यात लावलेली वडा-पिंपळाची रोपं, सगळं त्याच माळेत. विझवायला जाणारे आमच्याकडे बरेच आहेत, हिरव्या फांद्या घेऊन झोडपत जातात. मावशींचं म्हणणं असं की विझवायला पळण्यापेक्षा आधी जाळरेषा काढावी. वनखात्याची माणसं ती काढतातच, पण डोंगर मोठा आणि माणसं थोडी. म्हणून वाटेच्या कडेचा एक तुकडा आमच्या घोळक्यानं मागून घेतला. त्यांच्या गार्डनं कुठून कुठपर्यंत ते दाखवलं, कापलेलं गवत स्वतःच्या हिमतीवर पेटवायचं नाही, ते आम्ही बघू, अशी ताकीद दिली, आणि शनिवारी सकाळी आम्ही विळे घेऊन वर गेलो. कुणी कुठं उभं राहायचं ते मावशींनी ठरवलं. मला बांधाच्या वरची बाजू मिळाली, जिथं गवत कमरेएवढं होतं. ही शिक्षा होती की बढती, मी विचारलं नाही.

गवत कापणं मला लहानपणी येत होतं. आता हाताला पुन्हा शिकवावं लागलं: डाव्या मुठीत बुडाशी धरायचं, विळा आपल्याकडं ओढायचा, मनगट सैल. दहा मिनिटांत कमरेनं तक्रार केली, अर्ध्या तासात ती तक्रार करायची थांबली. मी पायांत लेकीनं घेऊन दिलेले जर्मन बूट घातले होते, पाणी आत जाऊ देत नाहीत असे. कुसळांना मात्र त्यांनी आत येऊ दिलं. एकेक कुसळ म्हणजे टोकाला सुई, मागं पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटी उलगडत फिरते आणि सुई आत शिरते. जमिनीत रुजायची त्याची ती युक्ती, आणि माझा घामेजलेला मोजा त्याला जमिनीसारखाच. थोड्या वेळानं सगळ्या बांधावर बसल्या, पाय पसरून, आणि कुसळं काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मोज्यातली आपल्याला दिसत नाहीत, म्हणून जिनं तिनं दुसरीचा पाय मांडीवर घेतला. माझा पाय परीक्षेवाल्या पोरीच्या मांडीवर होता, तिचा बँकेतल्या वहिनींच्या. एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघी शेजारी आल्या होत्या. त्यातल्या एकीनं दुसरीची टाच धरून काहीतरी जोरात उपटलं, दुसरी कळवळून ओरडली, आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. भांडण काय होतं ते मला तेव्हा कळलं, दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी. सांगण्यासारखं नाही, एका कुकरच्या झाकणावरून होतं.

परीक्षेवाली म्हणाली, “काकू, माझा पेपर आहे पुढच्या महिन्यात. मंगळवारी क्लास लागलाय सकाळचा.”

मी मावशींकडं बघितलं. मावशी दुसरीकडं बघत होत्या.

“गुरुवार घ्या,” त्या डोंगराला उद्देशून म्हणाल्या. “गोडोलीच्या आजींचा गुरुवार रिकामाच हाय. मंगळवार बँकेतल्या करतील.”

बँकेतल्या वहिनींनी मान डोलावली. माझा दगड त्यांच्याकडं, आता मंगळवारही. मी गुरुवार घेतला. तेलाचा भाव काय झालाय ते कुणीतरी सांगितलं, आणि आजी गोडंतेल आणायच्या, ते समईत चांगलं जळतं, पाम तेल आणू नका, असं तिघींनी बजावलं.

तेवढ्यात फोन वाजला. साडेदहा वाजले होते, म्हणजे तिकडचे सकाळचे सहा. बाळ उठलं की लेकीचा व्हिडिओ येतो. मी तिला वाळलेला डोंगर दाखवला, कापलेला पट्टा दाखवला, माझा मोजा दाखवला. ती बुटांची किंमत आठवून हळहळली. बाळानं फोनकडे बघून जांभई दिली. फोन मग माझ्या हातात राहिला नाही. वहिनींनी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते ठरवलं, दुसरीनं टाळू भरते की नाही विचारलं, परीक्षेवालीनं तिकडं नोकरीचं कसं असतं ते विचारून घेतलं. शेवटी फोन मावशींकडं गेला. त्यांनी तो कानाला लावला, मग कुणीतरी डोळ्यांपुढं धरून दिला.

“शनिवार हाय की आज,” मावशी म्हणाल्या. “जिन्याचा आठवडा कुणाचा?”

“आमचाच आहे, मावशी,” लेक हसून म्हणाली.

“मग पोराला बापाकडं दे आणि फडकं घे. आणि कोपरे नीट काढ, वरची म्हातारी बगती म्हनं.”